ताटाची पलीकडची बाजू

बाबांचं जेवण सुटलं तेव्हा मी लंडनजवळ स्लाऊमध्ये होते आणि माझा पासपोर्ट क्रॉयडनला होता.

व्हिसाची मुदत वाढवायला मी तो तिथल्या सरकारी ऑफिसात पाठवला होता. मध्येच परत मागितला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मग एमएस्सी अर्धवट सोडून कायमचं निघावं लागलं असतं. जाऊ की राहू हे मी रोज ठरवायचे आणि रोज बदलायचे. खरं तर बाबांनीच सांगून ठेवलं होतं, "डिग्रीचा कागद हातात घेऊनच ये. मधी यायचं नाही." आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्या कागदाकडे मी जेवढं बघत होते त्याहून जास्त ते बघत होते.

त्यांच्या अन्ननलिकेत गाठ होती. परभणीहून औरंगाबादला नेलं, तपासण्या झाल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या, जे मागतील ते द्या. पोटात काही जात राहिलं तर काही महिने निघतील, नाहीतर नाही. त्या "काही महिन्यांत" माझा पासपोर्ट येईल असं मी मनाशी धरलं होतं. म्हणजे सगळं त्यांच्या जेवणावर येऊन थांबलं होतं. आणि ते जेवत नव्हते. आई कधी मुगाचं पाणी करायची, कधी ज्वारीची पेज, कधी दुधात अंडं घोटून द्यायची. ते दोन घोट घेऊन भिंतीकडे तोंड करायचे.

मी ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका गोदामात शनिवार-रविवार पॅकिंगचं काम करायचे. तिथून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनकार्ड घ्यायचं, खोलीत जाऊन नाण्याने त्यावरचा नंबर खरवडायचा आणि घरी फोन लावायचा. अशाच एका फोनवर आई म्हणाली, "काल मागितलं बाई त्यांनी."

"काय मागितलं?"

"हरीस का हारीस. गव्हाचं म्हनतात. मटन घालून. तिकडं खायाचे म्हनं. तुझ्या ओळखीत असंल कुनी तर इचार की. तू तर तिकडंच हायेस."

आईच्या लेखी बाबांचं आखातातलं अल ऐन आणि माझं लंडन ही दोन्ही ठिकाणं "तिकडं"च होती. तिचं चूक होतं असं मला वाटत नाही. दोन्हीकडे माणूस एकदा गेलं की फोनमधून बोलतं.

बाबा अल ऐनला एका अरब कुटुंबाकडे ड्रायव्हर होते. मी शाळेत जायला लागायच्या आधी ते गेले आणि माझं कॉलेज संपता संपता कायमचे परत आले. सुट्टीवर यायचे तेव्हा घोंगड्याएवढं जाड ब्लँकेट आणायचे, दुधाच्या पावडरीचे डबे आणायचे, आणि बोलायचे मात्र काही नाहीत. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, तिथे तुम्ही काय जेवता? "चांगलं असतं," म्हणाले. एवढंच. ते घर कसं होतं, त्यात माणसं किती होती, बाबा झोपायचे कुठे, मला काहीच माहीत नव्हतं. फीचे पैसे यायचे, ते ज्या घरातून यायचे त्याची खिडकीसुद्धा मी मनात काढू शकत नव्हते.

आमच्या घरात जेवणाबद्दल एक नियम होता, तो सांगायला हवा. माझे आजोबा तरुणपणी गावात इतरांच्या दारावरून भाकरी मागून आणायचे. लोकांनी खाऊन उरलेलं त्यांच्या टोपलीत पडायचं. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा आजोबांनी ती टोपली चुलीत घातली आणि सांगितलं की आजपासून या घरात कुणी कुणाचं उष्टं खाणार नाही. बाबांनी त्यात स्वतःची भर घातली होती: कुणासाठी उष्टं ठेवायचंही नाही. म्हणून ताटात जे घेतलं ते संपवायचं. आईने बाबांच्या ताटात जेवायचं नाही, शेजारच्या बायका जेवत असल्या तरी. शिळं कुणाला द्यायचं नाही, कुत्र्याला द्यायचं असेल तर भाकरी ताजी मोडून द्यायची. एकदा मी पोळीचा तुकडा ताटात ठेवून उठले तर बाबा रागावले नाहीत, पण तो तुकडा संपेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिले.

वर्गात एक मुलगी अमिरातीची होती. पायघोळ काळा अबाया, पांढरे बूट, आणि स्टॅटिस्टिक्समध्ये माझ्याइतकीच गोंधळलेली. आमचा ग्रुप एकच होता. घरच्यांनी तिला एकटीला पाठवायला नको म्हणून बरोबर आईला पाठवलं होतं, आणि त्या दोघी ईलिंगला फ्लॅट घेऊन राहायच्या. तिला विचारायला मला बरेच दिवस लागले. कुणाकडे काही मागायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. शेवटी लायब्ररीच्या कॅन्टीनमध्ये तिने स्वतःच विचारलं, "तू हल्ली बोलत का नाहीस? माझ्यावर रागावलीस का?"

"नाही गं. तुला हरीस करता येतं का?"

ती हसायलाच लागली. "मला अंडं उकडता येत नाही. हरीस आई करते. पण तुला हा शब्द कुठून मिळाला?"

"माझे बाबा अल ऐनला होते. आता आजारी आहेत. त्यांनी तेवढंच मागितलंय."

तिचं हसू गेलं. काय आजार, हे तिने विचारलं आणि मी सांगितलं. मग म्हणाली, "अल ऐनला माझा मामा राहतो. काय करायचे तुझे बाबा तिथे?"

"काम करायचे," मी म्हणाले.

"शनिवारी ये. आणि सकाळीच ये, नाहीतर नुसती जेवून जाशील, शिकणार काही नाहीस."

शनिवारची शिफ्ट मी बदलून घेतली. ईलिंग ब्रॉडवेला उतरून, औषधांच्या दुकानावरचा त्यांचा फ्लॅट शोधून बेल वाजवली तेव्हा दार तिच्या आईने उघडलं. बुटकी, रुंद, बोटांची टोकं मेंदीने काळपट लाल. मी इंग्रजीत काहीतरी जुळवत होते तेवढ्यात ती म्हणाली, "आओ बिन्ती, आओ. जूता इदर. ये लंडन अच्छा नहीं, सूरज नहीं."

'बिन्ती', म्हणजे पोरी, हा शब्द मी मैत्रिणीकडून ऐकला होता, पण हिंदी ऐकून मी बघतच राहिले. मैत्रीण आतून ओरडली, "तिचं हिंदी ऐकून घाबरू नकोस. घरी ती आमच्याशी अरबी बोलते आणि रागावते हिंदीत."

"घर में सब हिंदी," आई म्हणाली. "कुक हिंदी, ड्राइवर हिंदी, दर्जी हिंदी. मैं किदर जाएगा?"

मला हायसं वाटलं. मीही माझ्या मराठी हिंदीत सुरू केलं. परदेशात इतक्या सहज मी कुणाशी बोलले नव्हते.

गहू रात्रीच भिजवलेले होते. कोंडा काढलेले, कांडलेले, आपण खिरीसाठी करतो तसेच. ते मटणाच्या हाडासकट तुकड्यांबरोबर मोठ्या पातेल्यात पहाटेपासून शिजत होते. मी गेले तेव्हा मांस हाडापासून सुटलं होतं. तिने चिमट्याने एकेक हाड काढलं, बोटांनी चाचपून बारीक कपचीही राहिली नाही ना ते पाहिलं, आणि एक लांब लाकडी पळी माझ्या हातात दिली. पातेलं जमिनीवर ठेवलं, दोन पायांत धरलं आणि म्हणाली, "मारो."

मी घोटायला लागले. तिने थोडा वेळ बघितलं.

"ये पढ़ाई वाला हाथ है," ती लेकीला म्हणाली. "तुम्हारे जैसा."

"मला कशाला मध्ये ओढतेस?" मैत्रीण सोफ्यावरून म्हणाली.

"ज़ोर से, बिन्ती. गेहूँ को मालूम होना चाहिए."

गहू आणि मांस वेगळं ओळखू येईनासं होईपर्यंत आम्ही आळीपाळीने घोटलं. त्यात मीठ होतं, दालचिनीचा एक तुकडा होता. दुसरं काही नाही. हळद नाही, तिखट नाही, कांदा-लसूण नाही. मी दोनदा विचारून घेतलं. आमच्या घरी मटण म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे, आणि बाबांना त्यातही वरून काळा मसाला लागायचा. तो माणूस या अळणी लगद्यासाठी का झुरत असेल ते मला कळेना.

दिवाणखान्यातल्या गालिच्यावर तिने प्लास्टिकचा कागद अंथरला. आधी खजूर आणि कॉफी. कॉफी पिवळसर, वेलदोड्याच्या वासाची, आणि कप इवलासा, कान नसलेला. मी कप रिकामा केला की ती भरायची. पुन्हा रिकामा केला की पुन्हा. नको म्हटलं तर अपमान होईल म्हणून मी पीत राहिले, शेवटी पोटात नुसती कॉफी डुचमळायला लागली. मैत्रीण इतका वेळ गंमत बघत होती. तिने माझ्या हातातला कप घेऊन डावी-उजवीकडे हलवून दाखवला.

"हे केल्याशिवाय ती थांबणार नाही. तू रात्रीपर्यंत पीत बसली असतीस."

"आधी नाही सांगायचं?"

"तू एवढी मन लावून पीत होतीस."

आमच्याकडे पुरे म्हणायला ताटावर हात आडवा धरतात, आणि तो धरला की वाढणाऱ्याला आणखी जोर येतो. मी त्या दोघींना ते सांगितलं. आईला ते फार आवडलं. नंतर जेवताना तिने मला दोन-तीनदा हात आडवा धरायला लावून त्यावरूनच वाढलं.

मग मोठं ताट आलं. हरीस त्यात सपाट पसरलेलं, मध्ये खड्डा, आणि खड्ड्यात वितळलेलं तूप. आम्ही तिघी एका बाजूला अर्धगोल करून बसलो. एकाच ताटातून, हाताने. हाताने जेवायची मला काय नवलाई, पण दुसऱ्याच्या बोटांशेजारी माझी बोटं घालायला ती आधी धजेनात. लहानपणी चुलतभावंडांबरोबरसुद्धा मी एका ताटात जेवले नव्हते. मैत्रिणीच्या आईने ते ओळखलं की काय कोण जाणे, तिने मांसाचा मऊ भाग वेचून माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, "खाओ. तुम चिड़िया है क्या?"

पहिला घास मला काहीच लागला नाही. गरम, गुळगुळीत, तुपकट. दोन-चार घासांनंतर गव्हाची गोडी यायला लागली, लहान मुलाला भरवतात तसं काहीतरी. मी खात गेले. माझ्यापुढचं संपलं की ती आणखी सारायची. मी तेही संपवायचे, ताट बोटाने निपटून. त्या दोघी कधी थांबल्या ते माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या बाजूचं ताट लख्ख झालं होतं, पण पलीकडचा अर्धा भाग तसाच होता, आणि माझ्या डोक्यात एकच, की एवढं अन्न मागे ठेवून कसं उठायचं. पोट भरलेलं असूनही मी तिकडे हात नेला.

तिने माझं मनगट धरलं. हळूच. "बस, बिन्ती. उदर नहीं."

मैत्रीण लाल झाली आणि अरबीत भराभर काहीतरी बोलली. आईने खांदे उडवले. मग मैत्रीण मला म्हणाली, "सॉरी. खा तू, खरंच खा. तिची सवय आहे ती. आमच्या घरी पलीकडच्या बाजूला कुणी हात लावत नाही. ती बाहेर जाते."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेरच्या खोल्यांत. ड्रायव्हर, माळी, पहारेकरी असतात ना. आपलं झालं की ताट त्यांच्याकडे जातं. इथे कोण आहे बाहेर? खालचा केमिस्ट. पण तिचा हात थांबतोच."

"हमारा ड्राइवर लोग हरीस बहुत पसंद," आई ताटावर झाकण ठेवत म्हणाली. "रमज़ान में रोज़ जाता. कुक बोला, इनके लिए अलग गरम बनाएगा. ड्राइवर बोला, नहीं मैडम, गरम नहीं मंगता, ठंडा अच्छा. घी ऊपर जम जाता ना. बर्फी जैसा काट के सब साथ में खाता. हँसता, बात करता, इदर तक आवाज़ आता."

"वही थाली?" मी विचारलं.

"वही. अलग क्यों? वो हमारा आदमी है." तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "हम भी खाया, वो भी खाया, एक थाली. और वो साइड साफ़ रहता. देखो. कोई हाथ नहीं लगाया."

तिने झाकण पुन्हा उचलून मला दाखवलं. खरंच होतं ते. पलीकडच्या भागावर कुणाच्या बोटाची खूण नव्हती, आणि अलीकडे मी निपटलेलं रिकामं ताट होतं. ती मनापासून, अभिमानाने दाखवत होती.

"तुम्हारा अब्बा अल ऐन में क्या काम?"

"ड्राइवर," मी म्हणाले.

मैत्रीण प्लास्टिकच्या कागदाची घडी घालायला लागली. आईला मात्र आनंदच झाला. "अच्छा! किसका घर?"

"मालूम नहीं."

"मालूम नहीं? इतना साल?" तिने मान हलवली. मग म्हणाली, "फिर भी, अल ऐन में था तो हरीस बहुत खाया होगा. इसलिए याद आता."

निघताना तिने धुपाचं भांडं माझ्या ओढणीखाली आणि केसांजवळ फिरवलं आणि एक डबा हातात दिला. पलीकडच्या बाजूचं हरीस तिने त्यात भरलं होतं. "ये अब्बा का," म्हणाली. अब्बा परभणीला आहेत हे तिला माहीत होतं. तरी दिलं.

परतीच्या ट्रेनमध्ये तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. खाली अजून कोमट होता. मी एकच गोष्ट उलटसुलट करत होते, की याला उष्टं म्हणायचं की नाही. कुणी हात लावला नव्हता. आधीपासून त्यांच्यासाठी राखलं होतं. पण आधी आत जेवण होणार, मग ते ताट बाहेर जाणार. आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं. बाबांनी तर मला पोळीच्या तुकड्यासाठी बसवून ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं ते कुठल्या ताटातून जेवत होते? आणि त्यांना ते आवडायचं. हे मला सगळ्यात जड जात होतं. ते आता शेवटचं म्हणून तेच मागत होते. साउथॉल गेलं, हेझ गेलं, मला काही ठरवता आलं नाही. खोलीवर येऊन मी डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि तो कधीच उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी परभणीला आईला फोनवर कृती सांगितली.

"खिरीचेच गहू का?"

"तेच. कांडून घे."

"हळद?"

"नाही."

"मिरची तरी?"

"नाही गं. मीठ आणि तूप."

"मग काय, बिमाराचंच खानं झालं की ते," आई म्हणाली. कित्येक दिवसांनी तिच्या आवाजात थोडा जीव आला होता. "करते उद्या. गहू हायेत घरात."

मी गोदामात खोकी बांधत होते आणि परभणीतल्या आमच्या स्वयंपाकघरात ते रटरटतंय असं बघत होते. मला खरंच वाटलं होतं की ते खातील. आधी वाटीभर, मग रोज. मी पासपोर्ट घेऊन उतरेपर्यंत खात राहतील.

पुढच्या फोनवर आईचा आवाज बसलेला होता. "एक चमचा घेतला, तोंडात धरला अन् थुंकला. हे नाही म्हनले. गरम गरम दिलं बाई मी, कपभर तूप सोडलं वरून."

"थंड करून देऊन बघ ना," मी म्हणाले. "रात्रभर ठेव. तूप जमू दे."

"शिळं? बिमार माणसाला शिळं देऊ? अन् ह्यांना? ह्यांनी कधी शिळं-उष्टं दारात येऊ दिलं का?"

तिला पटवायचं तर मला ते कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं. ते सांगणं माझ्या हातात नव्हतं, ते बाबांचं होतं. मी म्हणाले, "त्यांच्याकडे दे फोन."

बाबांचा आवाज कागदावर कागद घासावा तसा येत होता.

"बाबा, हरीस नाही आवडलं?"

"तुझ्या आईनं केलं चांगलं." ते खोकले. "ते नाही लागलं."

"बाबा, तिथे ते..." मी सुरू केलं आणि थांबले.

त्यांनीच विचारलं, "तू शिकलीस कुठं?"

"एक मैत्रीण आहे, तिकडचीच. तिच्या आईने दाखवलं."

"त्यांच्या घरी?"

"हो."

"जेवलीस?"

"हो बाबा. तिथेच जेवले."

"बसवलं?"

"हो. खाली बसलो सगळ्याजणी. एकाच ताटात."

तिकडे आईने भांडं ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं ते थकले, फोन बाजूला ठेवला. मग ते म्हणाले, "पहिल्या पंगतीला?"

"हो," मी म्हणाले. "पहिल्या पंगतीला."

"बरं," बाबा म्हणाले. आणि फोन आईकडे दिला.

मला कळलंय हे त्यांना कळलं असावं. नक्की सांगता येत नाही. आमचं शेवटचं बोलणं तेच. त्यानंतर मी फोन केला की आई म्हणायची, झोपलेत. त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही, हरीसही नाही. ते गेल्याचं मला गोदामात कळलं. सुपरवायझरने मला खुर्ची दिली आणि पाणी आणायला गेला, आणि तो येईपर्यंत मी समोरच्या पट्ट्यावरून पुढे जाणारी खोकी बघत राहिले. त्यांच्यावर पत्ते चिकटवायचे राहिले होते.

पासपोर्ट आला तेव्हा त्यांचं सगळं होऊन गेलेलं होतं. व्हिसा वाढवून मिळाला होता. त्या पाकिटाकडे बघून मला काही वाटलं नाही. मैत्रिणीला मी सांगितलं, तिने आपल्या आईला सांगितलं, आणि त्या आईने निरोप पाठवला की मी येऊन जेवून जावं. मी गेले नाही. राग नव्हता. त्या ताटासमोर कुठे बसायचं तेच मला कळत नव्हतं.

डिग्रीचा कागद घेऊन मी परभणीला गेले. आईने तो दोन्ही हातांनी धरला, वाचता येत नसताना वरून खालपर्यंत बघितला आणि बाबांच्या फोटोखाली ठेवला. संध्याकाळी ती भाकरी करत होती, मी शेजारी बसले होते. तव्यावर भाकरी टाकून ती एकदम म्हणाली, "ते तू सांगितलं होतं ना, हरीस. पातेलंभर केलं होतं मी."

"हं."

"ह्यांनी तर खाल्लं नाही. त्यांच्यापुढं वाढलेलं ताटात तसंच पडून होतं, टाकवंना. मटन होतं, तूप होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ते झोपले होते तवा मी चुलीपाशी उभी राहून खाल्लं." ती भाकरीकडेच बघत होती. "त्यांच्या ताटातलं खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना कळलं असतं तर बोलले असते."

मी परातीतलं पीठ तिच्याकडे सरकवलं.

"थंडगार होतं. तूप वर जमलेलं. लई चांगलं लागलं गं. गरम असताना लागलं नव्हतं तसं." तिने भाकरी उलटली. "असंच द्यायला पाहिजे होतं का बाई त्यांना? तू म्हनली होतीस ना, थंड करून दे म्हनून. तुला कसं ठाऊक होतं?"

"असंच म्हणाले होते," मी म्हणाले.

तिने भाकरी निखाऱ्याशी उभी केली. ती फुगली नाही. आईने तीच माझ्या ताटात वाढली, आणि मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.